दसऱ्याला उघडायची भिंत

आर्कीबाबच्या पँटच्या खिशात कायम एक पकड असायची. खिळे उपटायची. आमच्या कंपनीच्या मुख्य कचेरीत भिंतीला खिळा ठोकायला बंदी होती, आणि ही बंदी कंपनीने घातलेली नव्हती, आर्कीबाबनी घातलेली होती. पण माणसं ऐकतात थोडीच! कुणी कॅलेंडर टांगायचं, कुणी घड्याळ, कुणी पोराचा शाळेतला फोटो. आर्कीबाब आले की आधी तळापासून गच्चीपर्यंत एक फेरी मारत, दिसेल तो खिळा उपटत, आणि जाताना सगळे खिळे माझ्या टेबलावर ओतून म्हणत, "घे बाय, आजची पारध."

मी तिथे टेलिफोनवर होते आणि आल्यागेल्याचं स्वागतही माझ्याकडेच होतं. आमची पहिल्याच दिवशी जुंपली. मी नार्व्याची. आईने सप्तकोटेश्वराचा एक छोटा फोटो दिला होता, तो मी टेबलामागच्या भिंतीवर लावला होता. दुपारी काखेत छत्री धरलेला एक उंच, किंचित वाकलेला माणूस आला. त्याने चपला काढल्या, फोटोला मनोभावे हात जोडले, फोटो उतरवून माझ्या मांडीवर ठेवला आणि खिळा उपटला.

"देव तुजो, भिंत माजी," तो म्हणाला.

"तुमची कशी? कंपनीची ना?"

"कंपनी पंप करता. भिंत हांवें केल्या."

मला असा राग आला होता की काय सांगू. पण नोकरीचा पहिला दिवस, म्हणून गिळला. मग कुणीतरी सांगितलं की ही इमारत ज्याने आखली तो आर्किटेक्ट हा. आर्किटेक्टबाब म्हणता म्हणता लोकांनी त्याचं आर्कीबाब करून टाकलं होतं. खरं नाव पगारपत्रकावर नव्हतं, कारण त्यांना पगारच नव्हता. ते आपल्या पार्श्या गावाहून बस बदलत बदलत डिचोलीला यायचे, आठवड्यातून एकदा तरी, कुणी न बोलावता. थोरल्या शेटनी इमारत पुरी झाली तेव्हा त्यांना शब्द दिला होता: "तूं जिवो आसा थंय मेरेन हिच्या भितीक तुका विचारल्याबगर कोण हात लावचो ना." शब्द तोंडीच होता. पण थोरल्या शेटचा शब्द म्हणजे डिचोलीत दगडावरची रेघ, त्यामुळे पुढे त्यांच्या मुलानेही तो पाळला.

मुंबईत शिकून आलेल्या ह्या माणसाने आयुष्यात एकच इमारत बांधली. ती आमची. बाकी पोटासाठी लोकांच्या कंपाउंडच्या भिंती, गुरांचे गोठे आणि संडास ह्यांचे नकाशे काढले. कुणाला त्यांच्याकडून घर नको होतं. आमची इमारत बघून आलेला माणूस त्यांना घर सांगेलच कसा?

डिचोलीच्या वरच्या सड्यावर, उघड्या माळावर, ती उभी होती. तांबडी जांभ्याची जमीन, समोर खनिजाच्या ट्रकांचा रस्ता, आणि मध्येच हे करडं, सरळ रेघांचं काँक्रीट. खाली जाड खांब, वर दोन मजले, ऊन अडवायला उभ्या उभ्या काँक्रीटच्या पट्ट्या, सपाट गच्ची. मुख्य दरवाजा नव्हताच. त्याजागी घराला असतो तसा लांबच लांब बालकांव, म्हणजे उघडा व्हरांडा, होता, दोन्ही बाजूंना बसायला काँक्रीटचे सोपे, आणि मधोमध मी, माझं टेबल आणि टेलिफोन. "येवपी मनशाक पयलीं दार दिसूंक नाका, मनीस दिसूंक जाय," येणाऱ्याला आधी माणूस दिसायला हवा, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं चांगलंच होतं. फक्त तो माणूस म्हणजे मी होते, आणि जुलैत तिरका पाऊस आला की मी प्लास्टिकच्या कागदाखाली टेलिफोन धरून बसायची.

काँक्रीटला गिलावा नव्हता. रंग नव्हता. साच्याच्या फळ्यांच्या शिरा भिंतीवर तशाच उमटलेल्या होत्या आणि आर्कीबाब त्यावर हात फिरवून सांगत, "हो आंबो. हो पणस. हो परत आंबो, पूण वेगळ्या झाडाचो." भिंतीला ते इतके खेटून उभे राहत की त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कायम मळलेल्या असायच्या. एकदा आर्किटेक्टच्या कॉलेजातली मुलं वही-कॅमेरे घेऊन आली. त्यांतल्या एका मुलीने ही शैली कुठल्या देशातली म्हणून विचारलं. "पार्श्यातली," ते म्हणाले, आणि तिने ते लिहूनही घेतलं.

गावातल्या लोकांचा मात्र ठाम समज होता की इमारत अर्धवट राहिली आहे. बसमधून जाताना म्हातारी माणसं हळहळायची, "अजून गिलावो जाला ना गे!" ह्या गिलाव्यापायी माझं लग्न मोडायला आलं होतं. धारगळच्या एका घरातून मला बघून गेले होते. सगळं पसंत पडलं, आणि मग सासरे कामानिमित्त डिचोलीला आले असताना सहज कंपनी बघायला सड्यावर चढले. बाहेरूनच परत गेले. मध्यस्थाला सांगितलं, "चेडवाची कंपनी बुडूंक लागल्या. हापिसाक गिलावो करूंक जमना तांकां."

मी ही गोष्ट आर्कीबाबना हसत हसत सांगितली. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते धारगळला माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या दारात छत्री टेकून हजर. दुपारभर बसले. काँक्रीट कसं ओततात, वाळू कुठली, गिलावा म्हणजे भिंतीवर खोटं बोलणं कसं, हे सगळं त्या शेतकरी माणसाला समजावून आले. लग्न ठरलं. सासरे पुढे अनेकदा सांगायचे, "कितें उलयलो तें माका एक अक्षर कळूंक ना. पूण मनीस फटकिरो नासलो." खोटारडा नव्हता, एवढं त्यांना कळलं होतं. त्या माणसाला मी मनात कितीही शिव्या घातल्या असतील, माझ्या संसाराची सुपारी एका अर्थाने त्यांनीच फोडली.

इमारत गळायची. हे लपवण्यात अर्थ नाही. आम्ही पाणी उपसायचे पंप बनवणारी कंपनी, आणि पावसाळ्यात आमच्याच हिशेब खात्यात बालद्या लावलेल्या. बाहेरचे लोक टिंगल करायचे, एक पंप स्वतःसाठी ठेवा म्हणायचे. हिशेब खात्याचे मोठे कारकून तर आर्कीबाबना बघितलं की तोंड फिरवत. एकदा त्यांच्या टाळूवरच ठिबकलं. ते ओरडत खाली आले, "बाब, हें घर काय धबधबो?"

आर्कीबाब शांतपणे वर गेले, ओल बघून आले, गच्चीची पन्हळ साफ केली आणि म्हणाले, "जें घर थोडें गळना, तें घर न्हय. ती पेटी."

"मगे माका पेटी जाय!" मोठे कारकून म्हणाले. आम्ही सगळे हसलो. आर्कीबाबसुद्धा हसले, पण त्यांना वाटलं ही थट्टा आहे. हा त्यांचा मोठा घोटाळा होता. माणसं चिडून जे बोलत ते त्यांना नेहमी प्रेमाने केलेली कुरकुर वाटायची.

आता मी मोल्लांचं सांगते, कारण त्यावाचून हा माणूस कळायचा नाही.

आमच्या भागात पावसाच्या तोंडावर घराच्या पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या चुडतांच्या, म्हणजे झावळ्यांच्या, ताट्या बांधतात. चुडतं पाण्यात भिजत घालायची, विणायची, आणि भिंतीवर मारा होतो तिथे टांगायची. त्यांना मोल्लां म्हणतात. मातीच्या भिंतीला हे करावंच लागतं. आर्कीबाबनी ते काँक्रीटच्या इमारतीला केलं होतं. पश्चिमेच्या अख्ख्या बाजूवर, ओळीने, काँक्रीट ओतायच्या वेळीच त्यांनी लोखंडी कड्या बसवून घेतल्या होत्या. नवे लोक त्या बघून म्हणायचे, परांचीच्या कड्या काढायच्या राहिल्या वाटतं. मे महिना आला की आमच्या नार्व्याच्या बायका नदीकाठी मोल्लां विणायला बसत, टेंपो भरून ती सड्यावर येत, आणि आर्कीबाब खाली उभे राहून छत्रीने खुणा करत एकेक मोल्ल टांगून घेत. डिचोलीतल्या सगळ्यांत आधुनिक इमारतीला चार महिने माडाच्या पानांचं लुगडं नेसवलेलं असायचं. गिऱ्हाईक बघून चकित व्हायचं. थोरले शेट हयात असताना अभिमानाने सांगायचे, "आमची कचेरी पावसांत कांबळें पांघरता."

आणि दसऱ्याला मोल्लां उतरायची. ह्या बाबतीत त्यांनी कधी सवलत दिली नाही. कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा, पेढे, पूजा चाललेली असायची. आर्कीबाब पश्चिमेला उभे. मोल्लां खाली येत, लोक ती न्हाणीच्या चुलीत जाळायला घेऊन जात, आणि उघड्या पडलेल्या ओलसर भिंतीला ते तळहात लावून उभे राहत. "भितीक घाम येता," ते म्हणत. "पावसांत धांपची, दसऱ्याक उगडची. चार म्हयने धांपप बरें. बारा म्हयने धांपली जाल्यार कुसता." कुजायची भीती गेली का बघायला मग पुढे आठवडाभर रोज येऊन हात लावायचे. एके दिवशी म्हणायचे, "सुकली." त्या दिवशी ते मला आणि शिपायाला चहा पाजायचे. स्वतः पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, गोल उंडा चहात बुडवून खायचे, खुर्चीवर न बसता सोप्यावर बसून.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, दुसरी इमारत का नाही बांधली? त्यांनी आधी हातातला उंडा संपवला. मग म्हणाले, "कोणें सांगलें ना." एवढंच. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला, कारण मग सकाळी भिजलेल्या माझ्या टेबलाबद्दल मला जे भांडायचं होतं ते राहूनच गेलं.

थोरले शेट गेले, मग त्यांचा मुलगाही गेला, आणि कारभार नातवाकडे आला. हा धाकटा शेट बाहेर शिकून आलेला, पण उद्धट अजिबात नव्हता. उलट इतका गोड बोलायचा की माणसाला भांडायला जागाच मिळू नये. धंदा वाढला, परदेशचे लोक विमानाने उतरून थेट कंपनीत येऊ लागले. त्यांच्यासमोर हे शेवाळलेलं, तांबड्या धुळीने माखलेलं काँक्रीट, बालद्या आणि प्लास्टिकखाली बसलेली मी. त्याला लाज वाटत असेल तर मी त्याला दोष देणार नाही. त्याने ठरवलं होतं: बाहेरून सगळीकडे चकचकीत ॲल्युमिनियमची पॅनेलं, पुढे काच, आत एसी. अडचण एकच होती, आजोबांचा शब्द.

म्हणून त्याने आर्कीबाबना रीतसर बोलावलं. सगळ्या माणसांसमोर, कँटीनच्या हॉलमध्ये. त्यांना पुढची खुर्ची दिली. ते प्रथमच खुर्चीवर बसलेले मी बघितले. त्याने पडद्यावर नवी इमारत दाखवली. मग हात जोडून म्हणाला, "बाब, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. तुम्ही नको म्हणालात तर इथेच थांबलं. पण एक विचारू? आपण ह्यांना विचारूया का? बसतात ते हेच."

आर्कीबाबचा चेहरा उजळला. मला तो चेहरा स्पष्ट आठवतो. त्यांना वाटलं, जिंकलो. "विचार," ते म्हणाले. "तांच्याच खातीर बांदल्या मरे." आणि मागे वळून, छत्री मांडीवर आडवी घेऊन, ते आमच्याकडे हसत बघत राहिले.

ज्यांना पॅनेलं आणि एसी हवा त्यांनी हात वर करा, असं शेट म्हणाला. हिशेब खात्याचे मोठे कारकून निवृत्त झाले होते, पण त्यांच्या जागी आलेल्या माणसाचा हात सगळ्यांत आधी वर गेला. मग स्टोअर्स, मग कॉम्प्युटरवरच्या मुली, मग ड्रॉईंग खातं, शिपाई, ड्रायव्हर. माझाही गेला. माझा खांदा बालकांवातल्या ओल्या वाऱ्याने धरला होता आणि जुलैत निऱ्या सुकल्या असा दिवस मला आठवत नाही. मला एसी हवा होता. आजही विचारलं तर हवाच म्हणेन.

आर्कीबाब एकेका माणसाकडे बघत गेले. हसणं एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. माझ्यापाशी त्यांची नजर थांबली आणि पुढे गेली.  मग त्यांनी छत्री खाली ठेवली आणि स्वतःचा हात वर केला. शाळेतली मुलं करतात तसा, कोपरात वाकवून.

"माजोय धर," ते म्हणाले.

धाकटा शेट घाईने पुढे आला. त्याने टाळ्या वाजवल्या, मग आम्हीही वाजवल्या. इतकं वाईट काही मी आयुष्यात केलेलं नाही असं त्या टाळ्या वाजवताना वाटलं, हात वर करताना नव्हतं वाटलं.

नंतर ते बालकांवात सोप्यावर येऊन बसले. मी चहा आणि उंडा आणून दिला. त्यांनी तो चहात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. भिजून अर्धा तुकडा कपात पडला.

"माका दिसतालें, तुमकां बरें लागता म्हणून," ते म्हणाले.

"आमी सांगतालीं बाब. सगळीं सांगतालीं."

"हांवें आयकलें ना?"

"ना."

त्यांनी मान हलवली. त्यात कडवटपणा नव्हता, तेच मला सहन झालं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मीही चार सुनावल्या असत्या आणि दोघंही मोकळे झालो असतो.

पॅनेलं बसवायला बेळगावकडची माणसं आली. त्यांचा मुकादम पश्चिमेची भिंत बघून खूश झाला. चौकट अडकवायला भिंतीत आयत्या कड्या होत्या! भोकं पाडायचं काम वाचलं. मोल्लांसाठी बसवलेल्या त्या कड्यांवरच ॲल्युमिनियमची चौकट चढायला लागली. मला वाटलं, हे बघायला आर्कीबाब येणार नाहीत. ते रोज आले. पहिल्या दिवशी माणसांनी चौकट तिरकी लावली तर छत्री आपटून ती काढायला लावली. कुठली कडी किती वजन घेईल, कुठली घेणार नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्याच इमारतीवर झाकण बसवून घेत होते, आणि ते वाकडं बसू देत नव्हते. बेळगावची माणसं त्यांना 'मालक' म्हणायची. त्यांना वाटलं, हेच शेट.

एका गोष्टीवर मात्र ते हट्टाला पेटले. रिबिट मारायचं नाही, प्रत्येक पॅनेल नट-बोल्टवर हवं. मुकादम म्हणाला, वेळ जातो. धाकट्या शेटपर्यंत प्रकरण गेलं. "कित्याक बाब?" त्याने विचारलं.

"दसऱ्याक काडूंक जाय मरे."

शेट समजला की म्हाताऱ्याचं मन राखायला हवं. नट-बोल्ट मंजूर झाले. पण आर्कीबाब थट्टा करत नव्हते, मनही राखून घेत नव्हते. त्यांच्या हिशेबी ती पॅनेलं म्हणजे मोल्लां होती, महागातली, एवढंच. पावसात लावायची, दसऱ्याला उतरवायची, भिंत सुकली की हवं तर परत चढवा. ते त्यांनी शेटला सांगितलं, मुकादमाला सांगितलं, मला सांगितलं. सगळ्यांनी हो हो म्हटलं.

बसमधून जाणाऱ्या लोकांनी समाधानाचा सुस्कारा टाकला. "जाली गे शेवटाक पुराय," म्हणाले. बालकांवाला काचेचं दार आलं, ते उघडायला गळ्यात कार्ड आलं. माझं टेबल आत गेलं. माझा खांदा बरा झाला. मला ते थंड, कोरडं हापीस आवडलं, आणि दिवाळीपर्यंत मी जुनं विसरलेही असते.

पण त्याआधी दसरा आला. सकाळी पूजा चालू असताना सुरक्षारक्षक मला बोलवायला आला, "एक म्हातारा आलाय, ऐकत नाही." आर्कीबाब पश्चिमेला होते. कँटीनमधलं स्टूल आणून त्यावर चढले होते, हातात पकडीऐवजी पाना होता, आणि सगळ्यांत खालच्या पॅनेलचा एक बोल्ट सोडवत होते. बोल्ट फिरत होता. त्यांनीच नीट बसवून घेतला होता ना! रक्षकाने त्यांना काखेत धरून खाली उतरवलं. तो नवा होता, त्याचा काही दोष नाही. प्रशासनाचा मॅनेजर धावत आला, पाना काढून घेतला आणि अगदी समजुतीने म्हणाला, "बाब, हे आता काढायचं नसतं. परमनंट आहे."

"भिंत वली आसा फाटल्यान," पॅनेलमागच्या ओल्या भिंतीकडे बोट दाखवत आर्कीबाब म्हणाले. "हात लावन पळय."

"हात लावायला जागाच नाही, बाब," मॅनेजर हसून म्हणाला.

त्यांनी पॅनेलवर हात ठेवला. उन्हाने ते तापलं होतं. त्यांनी हात काढून घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि बसस्टॉपकडे चालायला लागले. छत्री स्टुलापाशीच राहिली. मी ती घेऊन मागे धावले.

त्यानंतर ते कधी आले नाहीत. पण दर दसऱ्याला फोन यायचा. मीच घ्यायची.

"काडलीं?"

"ना, बाब."

"बरें." आणि फोन बंद.

एका वर्षी मला वाटलं, हो म्हणून टाकावं. काढली, भिंत सुकली, सगळं ठीक. म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटेल. पण मग ते बघायला आले असते. एका वर्षी मी खरंच मॅनेजरकडे गेले आणि म्हटलं, दोन-चार पॅनेलं तरी उघडून बघूया. तो म्हणाला, "तुम्हीपण का, मॅडम?" आणि हे सगळ्यांना सांगून हसवलं. पुढच्या वर्षीपासून मी कुणाला विचारलं नाही. फोन आला की 'ना' म्हणायचं आणि पेढा खायचा.

मग आतल्या बाजूने भिंतीला फुगवटे आले. रंग लावला, परत आले. एका पावसाळ्यात वरच्या मजल्यावर तुळईखालचं काँक्रीट सुटून टेबलावर पडलं. शनिवार होता, म्हणून कुणी बसलेलं नव्हतं. पणजीहून तज्ज्ञ आले, पश्चिमेची पॅनेलं उतरवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आम्ही सगळे खाली उभे होतो. भिंत काळी पडली होती, आणि कड्यांभोवती गंजाचे लोट खालपर्यंत उतरले होते. कड्यांच्या वाटेने पाणी आत शिरलं, बाहेर पडायला वाव नाही, आतल्या सळया गंजून फुगल्या, असं तज्ज्ञांनी सांगितलं. दरवर्षी सुकायला मिळालं असतं तर टिकली असती का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने बघितलं आणि म्हणाले, "कदाचित. पण असं कोण करतं?"

इमारत धोक्याची ठरली. कंपनीने धारगळला हमरस्त्याच्या कडेला, मोप्याच्या नव्या विमानतळाच्या वाटेवर, एका मोठ्या इमारतीतला एक मजला भाड्याने घेतला. सड्यावरची पाडायची ठरली. धाकटा शेट माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. डोळे खाली होते. "बाबना कळवायला हवं," तो म्हणाला. "मला नाही जमणार. तुम्ही त्यांच्या ओळखीच्या." एवढ्या मोठ्या कंपनीचा मालक, आणि हे काम माझ्या गळ्यात टाकून गेला. मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

जेवणाची सुट्टी झाल्यावर मी पार्श्याला फोन लावला. त्यांच्या सुनेने उचलला, मग बराच वेळ पावलांचा, काठीचा आवाज. त्यांनी फोन कानाला लावला आणि आपण होऊन म्हणाले, "काडलीं?" दसरा नव्हता. त्यांना वाटलं, माझा फोन म्हणजे तीच बातमी.

"काडलीं, बाब," मी म्हटलं. आणि मग बाकीचं सगळं सांगितलं. न थांबता, एका दमात, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. काळी भिंत, गंज, तज्ज्ञ, पाडायची तारीख, धारगळ.  मला वाटलं, फोन कट झाला.

"बाब?"

"आसां." मग, "कड्यांतल्यान पाणी गेलें?"

"हय."

"कड्यो हांवेंच घातिल्ल्यो."

"तुमचो दोष ना, बाब. तुमी सांगतालेत. दर वर्सा सांगतालेत."

त्यांनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. "तुका खंय बसयतले?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. तिसरा मजला, लिफ्टच्या समोर, मागे भिंत, एसी.

"जनेल आसा?"

"ना, बाब. खिडक्या शेटच्या केबिनीक."

"मगे पावस आयलो तो तुका कळतलो कसो?"

मला हसू यायला हवं होतं. जन्मभर ज्या पावसाने मला भिजवलं, माझा खांदा धरला, टेलिफोन बिघडवला, त्याचीच चौकशी. मोबाइलवर कळतं बाब, असं सांगणार होते. पण डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि समोर कुरिअरवाला उभा होता.

"कोण तरी येवन सांगतलो," मी कशीबशी म्हटलं.

"सांगतलो," आर्कीबाब म्हणाले. "बरें. कोण तरी सांगूं."

 त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि लांबून सुनेचं कुणाशी तरी बोलणं.  कुरिअरवाल्याने सही मागितली, ती केली. शेवटी मीच फोन ठेवला.